लष्करी जीपचा बाप्तिस्मा

युद्धाचा इतिहास लिहिणारे सेनापतींची नावे, लढायांच्या तारखा आणि तहाच्या अटी काळजीपूर्वक नोंदवितात. तोफा थंडावल्यानंतर रणभूमीवर जे सामान मागे उरते, त्याचे पुढे काय होते याकडे मात्र त्यांचे क्वचितच लक्ष जाते. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, फाटके तंबू, पेट्रोलची पिंपे आणि चिखलात चाके रुतवून उभ्या राहिलेल्या मोटारी! जेत्याला हे सारे समुद्रापार परत नेणे परवडत नाही, आणि ज्यांच्या भूमीवर युद्ध झाले त्यांना या पसाऱ्याचे काय करावे हे सुचत नाही. बहुतेक देशांत अशा सामानाचे भंगार झाले. फिलिपिन्स या आशिया खंडातील सर्वांत मोठ्या कॅथलिक राष्ट्रात मात्र त्यातूनच गरिबांचे एक वाहन जन्माला आले. त्या वाहनाचे नाव जीपनी. संहाराची साधने शेतीची अवजारे होतील, हे यशया संदेष्ट्याचे स्वप्न आपण आगमनकाळात दरवर्षी ऐकतो. त्या स्वप्नाचा एक छोटासा अंश मनिलाच्या रस्त्यांवर कसा उतरला आणि आज त्याच्यावर कोणता प्रसंग ओढवला आहे, हे पाहणे उद्बोधक ठरावे.

राखेतील शहर

वसईच्या ख्रिस्ती माणसाला मनिला हे नाव परके नाही. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा आणि रक्तसाक्ष नागासाकीची. परंतु फ्रान्सिस्कन संघाचे वस्त्र त्यांनी परिधान केले ते मनिलात. तेथूनच १५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरांचे दूत फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत दुभाषी म्हणून ते जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर त्यांनी प्राणार्पण केले. त्या काळची मनिला म्हणजे पासिग नदीच्या मुखाशी वसलेले इंत्रामुरोस. या नावाचा अर्थच मुळी ‘तटाच्या आत’ असा आहे. त्या तटाच्या आत निरनिराळ्या धर्मसंघांची मठ-मंदिरे दाटीवाटीने उभी होती.

१९४५ सालच्या फेब्रुवारीत हे शहर होरपळून निघाले. ३ फेब्रुवारी ते ३ मार्च असा एक महिना जपानी आणि अमेरिकन सैन्यांत घराघरांतून लढाई चालली. सुमारे १ लाख नागरिक मृत्युमुखी पडले. काही जपानी सैनिकांनी केलेल्या कत्तलींत, तर काही अमेरिकन तोफांच्या भडिमारात. १२ फेब्रुवारी रोजी दे ला साल महाविद्यालयात आश्रय घेतलेल्या ब्रदरांची आणि कुटुंबांची जपानी सैनिकांनी कत्तल केली. मरण पावलेल्यांत १६ ब्रदर होते. इंत्रामुरोसमधील मोठ्या मंदिरांपैकी संत अगस्तीनचे एकच मंदिर टिकून राहिले. मनिलाचे कॅथीड्रल कोसळले. ज्या फ्रान्सिस्कन संघात आपल्या गोन्सालोंनी प्रवेश केला, त्या संघाच्या मंदिराचेही तेव्हा भग्नावशेष झाले.

शहराची वाहतूकही या आगीत जळून गेली. १९०५ पासून मनिलात विजेच्या ट्रामगाड्या धावत होत्या. युद्धात त्यांचे डबे, रूळ आणि आगारे नष्ट झाली व ती ट्रामसेवा पुन्हा कधीच उभी राहिली नाही. बसगाड्याही फारशा उरल्या नव्हत्या. माणसे मात्र होती. त्यांना कामावर जायचे होते, बाजारहाट करायचा होता, रुग्णालये गाठायची होती आणि रविवारी मिस्सेला जायचे होते. सरकारपाशी पैसा नव्हता, कंपन्यांपाशी गाड्या नव्हत्या. होत्या त्या फक्त अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्या.

पाव टनाची मालमोटार

जीप ही आपण मोटारगाडी समजतो. परंतु अमेरिकन सैन्याच्या दप्तरी तिची नोंद मालमोटार अशी होती. पाव टन ओझे वाहणारी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी मालमोटार, असे तिचे सरकारी वर्णन. १९४० साली पेनसिल्व्हेनियातील बँटम या लहानशा कंपनीने तिचा पहिला नमुना अवघ्या सात आठवड्यांत तयार केला. पुढे तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले ते विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनी. १९४१ ते १९४५ या काळात सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या बाहेर पडल्या. लांबी जेमतेम ११ फूट, वजन सुमारे १ टन, चार सिलिंडरांचे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, पुढे जाण्याचे तीन गिअर. दार नाही, काच खाली पाडता येते आणि बिघडली तर साध्या हत्यारांनी दुरुस्त होते, हे तिचे गुण. आपल्याकडे महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे तिचे रूप आपल्याही पूर्ण परिचयाचे आहे.

४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्स स्वतंत्र झाले. त्याच वर्षी अमेरिकेने केलेल्या पुनर्वसन कायद्यान्वये १० कोटी डॉलर किमतीचे युद्धसाहित्य त्या नव्या राष्ट्राला देण्यात आले. या साहित्याच्या विल्हेवाटीत मोठे घोटाळे झाले आणि नव्या सरकारच्या अब्रूला पहिला डाग लागला तो त्यामुळेच. उद्ध्वस्त देशाला मिळालेल्या मदतीवर बड्यांनी हात मारावा, ही गोष्ट कोणत्याही देशाला नवी नाही. तथापि या गदारोळातून काही जीपगाड्या विक्रीने, काही देणगीने, तर काही आडमार्गाने सामान्य माणसांच्या हाती पोचल्या. या कथेचे खरे नायक तेच.

कारण त्यांच्या हाती आलेली वस्तू त्यांच्या उपयोगाची नव्हती. जीपमध्ये चार-पाच माणसे बसत. एवढ्या उतारूंच्या भाड्यात पेट्रोलचा खर्चही भागणे कठीण. म्हणून त्यांनी मागची आसने काढून टाकली, सांगाड्याचा मागचा भाग लांबविला, दोन्ही बाजूंना समोरासमोर लांब बाके बसविली आणि उन्हापावसासाठी वर पत्र्याचे छप्पर चढविले. चढण्या-उतरण्याची वाट मागून ठेवली. चार-पाच माणसांची गाडी दहा-बारा माणसे वाहू लागली. पुढे हा आकडा सोळा, वीस असा वाढतच गेला. युद्धापूर्वी १९३० च्या दशकात मनिलात ‘ऑटो-कालेसा’ नावाची छोटी भाडोत्री मोटार चालत असे. कालेसा म्हणजे स्पॅनिश अमदानीतील घोडागाडी. जुन्या टांग्याची कल्पना, छोट्या मोटारीचा धंदा आणि लष्करी जीपचा सांगाडा या तिहींच्या संगमातून ही नवी गाडी निर्माण झाली. जीप आणि जिटनी, म्हणजे अल्प भाड्याची मोटार, या दोन शब्दांच्या जोडातून तिला जीपनी हे नाव पडले असे मानतात. गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागते म्हणून जीपच्या पुढे गुडघ्याचा इंग्रजी शब्द लागला, असाही विनोद तेथील लोक करतात.

लास पिन्यासचे कारागीर

मनिलाच्या दक्षिणेस लास पिन्यास नावाचे गाव आहे. आज ते महानगरात मिसळून गेले असले, तरी संगीतप्रेमी ख्रिस्ती जगाला ते एका वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे. तेथील संत जोसेफच्या मंदिरात बांबूचा ऑर्गन आहे. फादर दियेगो सेरा या अगस्तीनियन रिकलेक्ट धर्मगुरूंनी १८१६ साली त्याचे काम हाती घेतले व १८२४ साली ते पूर्ण केले. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या बांबूच्या आहेत. कीड लागू नये म्हणून ते बांबू आधी वाळूत पुरून ठेवण्यात आले होते. युरोपातून धातूचा ऑर्गन मागविण्याची वाट न पाहता, जे हाताशी आहे त्यातूनच देवाची स्तुती उभी करण्याचा हा प्रयत्न होता.

याच गावात १९५३ साली लिओनार्दो साराव या गृहस्थांनी जीपनी बनविण्याचा कारखाना काढला. ते पूर्वी कालेसा हाकत असत, पुढे मोटारींचे काम शिकले. ७०० पेसो उसने घेऊन त्यांनी कारखान्याचा आरंभ केला. त्यांच्याही आधी, १९४७ साली, फ्रान्सिस्को कुटुंबाने याच धंद्यात पाऊल टाकले होते. लष्कराचा मूळ साठा हळूहळू संपत गेला, तेव्हा या कारागिरांनी पत्रा हाताने ठोकून, वाकवून, झाळून नव्या गाड्या घडविण्यास सुरुवात केली. पुढची उभ्या पट्ट्यांची जाळी आणि गोल दिवे मात्र त्यांनी युद्धातल्या जीपचेच ठेवले. अशी एक साराव जीपनी १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फिलिपिन्सच्या दालनात मांडली गेली. अमेरिकेतून सैनिकांना घेऊन आलेली गाडी अशा रीतीने नवे रूप धारण करून अमेरिकेत परतली.

पेट्रोल महागल्यानंतर १९७० च्या दशकात जुनी पेट्रोल इंजिने जाऊन डिझेल इंजिने आली. ही बहुधा जपानमध्ये वापरून झालेली, मोडीत निघालेली इंजिने असत. सांगाड्याचा आराखडा अमेरिकन, इंजिन जपानी आणि कारागिरी फिलिपिनो! १९४५ साली ज्या दोन सैन्यांनी मिळून मनिलाची राख केली, त्या दोन्ही राष्ट्रांचे टाकून दिलेले लोखंड एका गरीब मेस्त्रीने एकत्र जोडले आणि त्यावर आपल्या मुलाबाळांचे पोट भरले. समेटाचे यापेक्षा बोलके चित्र शोधूनही सापडणे कठीण.

चाकांवरची वेदी

लष्करी जीपचा रंग मळकट हिरवा असतो. शत्रूच्या नजरेस न पडणे हा त्यामागचा हेतू. जीपनीचा हेतू नेमका उलटा. ती दुरून ओळखू आली पाहिजे. म्हणून लाल, पिवळा, निळा असे भडक रंग, चकाकत्या पत्र्याच्या पट्ट्या, झिरमिळ्या, आरसे आणि इंजिनाच्या झाकणावर धातूचे उधळलेले घोडे. हे घोडे म्हणजे कालेसाच्या घोड्याची आठवण. लपण्यासाठी बनविलेल्या गाडीला लोकांनी सणाचे कपडे चढविले.

या सजावटीत श्रद्धेला मानाचे स्थान आहे. चालकासमोर बाळ येशूची छोटी मूर्ती असते. सेबू येथील बाळ येशूची मूर्ती १५२१ साली मॅगेलनने तेथील राणीला तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी भेट दिली होती व ती आजही पूजनीय मानली जाते. त्या भक्तीचाच हा प्रवास. आरशाला जपमाळ लोंबत असते आणि तिच्या सोबतीला सांपागिताच्या ताज्या फुलांची माळ. सांपागिता म्हणजे दुसरे काही नसून आपला मोगरा. मंदिरांच्या दाराशी आणि रस्त्यांवर मुले या माळा विकतात. गाडीच्या कपाळावर कुठे संताचे नाव, कुठे चालकाच्या मुलींची नावे. काही गाड्यांवर ‘कातास नांग सौदी’ अशी अक्षरे दिसतात. तिचा अर्थ, सौदीतल्या घामाचे फळ. आखातात राबून आलेल्या पैशातून ही गाडी घेतली, अशी ती कृतज्ञ नोंद आहे. आपल्याकडेही आखाती पैशातून उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंती असेच काही सांगू शकतील.

जीपनीत वाहक नसतो. मागे बसलेला उतारू ‘बायाद पो’ म्हणत भाड्याची नाणी शेजाऱ्याच्या हाती देतो. हातोहात ती चालकापर्यंत जातात आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. अनोळखी माणसांच्या प्रामाणिकपणावर उभी असलेली ही व्यवस्था आहे. भाडे चुकविणाऱ्यासाठी चालकांनी एक मार्मिक पाटीही लावून ठेवलेली असते. तागालोग भाषेत यहुदाला ‘हुदास’ म्हणतात. ‘पैसे कोण देत नाही ते देव जाणतो’ या इंग्रजी वाक्यातील ‘कोण’ या अर्थाच्या शब्दांच्या जागी हे नाव बसविले की वाक्याचा उच्चार तसाच राहतो, आणि भाडे बुडविणारा मात्र यहुदाच्या पंगतीला जाऊन बसतो!

मनिलाच्या पूर्वेला डोंगरावर अंतिपोलोचे तीर्थक्षेत्र आहे. तेथील ‘शांतीची आणि शुभप्रवासाची माता’ ही मूर्ती १६२६ साली मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून गलबताने आली. त्यानंतर प्रशांत महासागर ओलांडणारे खलाशी तिला आपली रक्षणकर्ती मानू लागले. युद्धकाळात भाविकांनी ती लपवून ठेवली होती. १९४५ साली ती परत अंतिपोलोला नेण्यात आली. नवी गाडी घेतली की ती अंतिपोलोला नेऊन धर्मगुरूंकडून तिच्यावर आशीर्वाद मागायचा, हा तेथील प्रघात आहे. शांती आणि प्रवास या दोन्ही गोष्टी एकाच मातेच्या नावात याव्यात, हा योगायोग युद्धाच्या गाडीला किती साजेसा आहे! अंतिपोलोच्या अंगणात पवित्र पाण्याचे तुषार अंगावर घेणाऱ्या जीपनीचा तो जणू बाप्तिस्माच होय.

किंमत कोणी मोजायची?

एवढ्यावर ही कथा थांबविली, तर ती गोड होईल, पण अर्धवट ठरेल. जीपनीच्या रंगाआड चालकाचे कष्ट लपलेले आहेत. बहुसंख्य चालक गाडीचे मालक नसतात. मालकाला रोज ठरावीक भाडे द्यायचे, डिझेल स्वतःच्या खिशातून भरायचे आणि त्यानंतर उरेल ती आपली मिळकत. उतारू मिळोत वा न मिळोत, मालकाचा आकडा बदलत नाही. त्यामुळे चालक दहा-बारा तास आणि कधी त्याहूनही अधिक वेळ गाडी हाकतो, दुसऱ्या गाडीच्या पुढे काढतो, रस्त्याच्या मध्येच उतारू घेतो. जुन्या इंजिनांचा काळा धूर सर्वांत आधी त्याच्याच छातीत जातो. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे जीपनी बंद झाल्या, तेव्हा अनेक चालकांना हाती फलक घेऊन रस्त्यावर भीक मागावी लागली. हातावर पोट असलेल्या माणसाच्या घरात शिल्लक किती असते, हे जगाला तेव्हा दिसले.

२०१७ साली फिलिपिन्स सरकारने सार्वजनिक वाहनांच्या आधुनिकीकरणाची योजना जाहीर केली. १५ वर्षांहून जुन्या गाड्या काढून त्या जागी कमी धूर सोडणारी वा विजेवर चालणारी वाहने आणावयाची आणि एकेकट्या परवानाधारकांनी सहकारी संस्था किंवा कंपनी स्थापून एकत्र यावयाचे, अशी तिची रूपरेषा. योजनेमागचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. स्वच्छ हवेचा हक्क गरिबालाच अधिक हवा असतो, कारण बंद काचांच्या थंड मोटारीत बसण्याची सोय त्याच्यापाशी नसते. परंतु नव्या वाहनाची किंमत १५ लाख पेसोंच्या वर, काही नमुन्यांची तर त्याहून कितीतरी अधिक. रोजच्या कमाईवर जगणारा चालक हे कर्ज कसे फेडणार? संप झाले, न्यायालयात अर्ज गेले, एकत्रीकरणाची मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि अखेर ३० एप्रिल २०२४ ही शेवटची तारीख ठरली. त्याच वर्षी जुलैत देशाच्या सिनेटने ठराव करून योजना तूर्त थांबविण्याची मागणी केली, ती राष्ट्राध्यक्षांनी मान्य केली नाही.

येथे दिवंगत पोप फ्रान्सिस यांची आठवण होणे साहजिक आहे. १८ जानेवारी २०१५ रोजी भर पावसात मनिलाच्या रिसाल उद्यानात त्यांनी मिस्सा अर्पण केली. साठ लाखांहून अधिक लोक त्या दिवशी जमले, असा अधिकाऱ्यांचा अंदाज होता. त्या समुदायातून पोपमहोदय फिरले ते जीपनीच्या धर्तीवर बनविलेल्या उघड्या गाडीतून. त्यानंतर पाच महिन्यांनी ‘लाउदातो सी’ हे त्यांचे परिपत्रक प्रसिद्ध झाले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगवेगळे ऐकता येत नाहीत, हा त्या परिपत्रकाचा गाभा. जीपनीच्या प्रश्नाइतके त्याचे नेमके उदाहरण क्वचितच मिळेल. धूर थांबला पाहिजे हेही खरे, आणि धूर थांबविण्याचा सारा खर्च चालकाच्या माथी मारणे हा अन्याय आहे हेही तितकेच खरे. यांतील एकच सत्य ऐकणाऱ्याला दुसरे ऐकू येईनासे होते.

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न जगासमोर ठेवला. पुढच्या काळात यंत्रे बदलली, इंधने बदलली, तो प्रश्न मात्र आजही आपल्या जागी उभा आहे. आपल्या गावांतून आणि शहरांतूनही जुन्या रिक्षा, जुने टेमपो, जुन्या होड्या मोडीत काढण्याचे आदेश वेळोवेळी निघतात. त्यांपैकी कित्येक आवश्यकही असतात. अशा वेळी जुन्या गाडीच्या सुकाणूवर कोणाचे हात होते आणि उद्या ते हात काय करणार, एवढे तरी विचारणे हे आपल्या धर्मग्रामांचे काम नव्हे काय?

१९४५ साली मनिलाच्या माणसांना कोणी गाडी दिली नव्हती. युद्धाने टाकून दिलेली वस्तू त्यांनी उचलली, लांबविली, रंगविली आणि तिच्यात शेजाऱ्यासाठी जागा केली. आज अंतिपोलोच्या डोंगरावर नव्या, विजेवर चालणाऱ्या गाड्याही आशीर्वादासाठी येऊ लागतील, आणि त्या याव्यातही. मात्र त्यांच्या चाकामागे तोच जुना चालक बसलेला असावा, आणि संध्याकाळी घरी नेण्यापुरते पैसे त्याच्या खिशात उरावेत. पवित्र पाण्याचे ते तुषार पत्र्यासाठी कधीच नव्हते. ते त्याच्यासाठी होते.